पाटी कुणाच्या दाराला लावायची?

‘हेरिटेज इव्हिनिंग’ हा प्रकार तुम्ही कधी अटेंड केलाय? नसेल, तर थोडक्यात सांगते. पेठेतला एखादा जुना वाडा असतो. कुणातरी मोठ्या माणसाचा. त्याच्या चौकात समया पेटवायच्या, तुळशीवृंदावनाला झेंडूच्या माळा सोडायच्या, कोपऱ्यात एक सतारवाला बसवायचा. पाहुण्या बायका कपाटाच्या तळातली पैठणी बाहेर काढतात, पुरुषमंडळी जीन्सवर खादीचा कुर्ता चढवतात. गाईड सगळ्यांना माडीवर नेऊन त्या मोठ्या माणसाचा पलंग, चष्मा आणि काठी दाखवतो. मग जेवण. पुरणपोळीला ‘मिनी पुरणपोळी’ म्हणतात आणि ती तीन घासांत संपते. शेवटी पुठ्ठ्याचा भलामोठा चेक, फोटो, टाळ्या... आणि कॅब.

मला हे इतकं बारकाईनं माहीत आहे, कारण हे सगळं मीच भरवते! पुण्यातल्या एका कंपनीच्या सीएसआर टीममध्ये मी आहे आणि वर्षातून एकदा अशी एक संध्याकाळ माझ्या गळ्यात असते. हिशोब सांगू? अडीच हजारांचं तिकीट, एकशेवीस माणसं, म्हणजे झाले तीन लाख. केटरर, साउंड, लायटिंग, फुलं आणि सतारवाला वजा जाता हातात उरतात एक लाख पंधरा हजारांच्या आसपास. हसू नका. तेवढ्यात त्या वाड्याच्या वॉचमनचा वर्षाचा पगार निघतो. जुन्या घराला माणसांच्या भाषणांपेक्षा रोज सकाळी दार उघडून केर काढणारा एक माणूस जास्त लागतो, हे मी या नोकरीत शिकले. त्यामुळे मिनी पुरणपोळीची कितीही टिंगल केली, तरी त्या संध्याकाळी मी मनापासून राबते.

तर मागच्या इव्हिनिंगनंतर बॉसनं मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाला, “तू त्या फ्रीडम फायटरवाल्या गावची ना? नेक्स्ट इयर तिकडेच करू या. एखादं हिस्टॉरिक हाऊस बघून ठेव.”

हो, मी कुंडलची. सांगली जिल्हा, पलूस तालुका. नाव ऐकलं नसेल, तर किर्लोस्करवाडी ऐकलं असेल. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी कारखान्यासाठी जी ओसाड जागा दिली, ती आमच्या शेजारची. तिथल्या स्टेशनचं नाव तेव्हा कुंडल रोड होतं. कुंडलही औंध संस्थानातलं. संस्थान छोटं, इकडेतिकडे विखुरलेलं. पण चाळीसच्या दशकात ही विखुरलेली हद्द भलतीच कामाला आली. ब्रिटिश मुलखातून माणूस निसटला आणि कुंडलच्या शिवारात शिरला की पोलिसांचे पाय अडखळायचे. राजेसाहेबांची सहानुभूती कुणाकडे होती, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं एक मोठं ठाणं म्हणूनच कुंडलला झालं. जी. डी. बापू लाड इथलेच. तूफान सेनेचं ट्रेनिंग इथंच चालायचं.

मी त्याच रात्री तात्यांना फोन लावला. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, गावातच असतात.

“तात्या, आपल्या गावात प्रतिसरकारचं घर कुठलं हो? म्हणजे जिथं एखादं म्युझियम होईल असं?”

तात्या जरा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “कुठल्या घरात न्हाय जेवली ती माणसं? एका घराला पाटी लावायची म्हंजे बाकीच्यांनी काय त्यास्नी उपाशी ठेवलं व्हय?”

फोन ठेवल्यावर मी लॅपटॉप उघडून बसले, पण स्लाइड काही पुढं सरकेना.

कारण आपण जी घरं बघायला जातो ती कशी असतात, आठवून पाहा. एक माणूस, एक घर, एक पाटी. गंज पेठेतला फुले वाडा. २८ नोव्हेंबरला जोतीरावांच्या स्मृतिदिनी तिथं पाय ठेवायला जागा नसते. आमच्यापासून जवळच सागरेश्वराच्या अंगाला देवराष्ट्रे आहे. यशवंतराव चव्हाण १९१३ साली जन्मले ते आजोळचं साधंसुधं घर आज राज्य संरक्षित स्मारक आहे. कराडला त्यांचा ‘विरंगुळा’ आहे. शुक्रवार पेठेत दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती गोळा करत करत घराचंच म्युझियम केलं आणि त्याला लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं. अगदी लंडनचं घ्या. किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरात १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर राहिले. ते घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं आणि मग शेजाऱ्यांनी तक्रार केली, की बसगाड्या भरभरून माणसं येतात, आम्हाला त्रास होतो! कौन्सिलनं म्युझियमला परवानगी नाकारली. प्रकरण थेट तिथल्या मंत्र्यापर्यंत गेलं आणि २०२० साली परवानगी मिळाली. (कुंडलमध्ये शेजाऱ्यांची तक्रार येईल ती एवढीच, की आम्हाला बोलावलं का नाही.)

या सगळ्या घरांत दाखवायला एक पलंग असतो. भूमिगतांना पलंग नव्हता. सलग दोन रात्री एका छपराखाली झोपायचं नाही, हा शहाणपणा त्यांना पहिल्याच महिन्यात शिकावा लागला. आज या सोप्यात, उद्या त्या मळ्यातल्या वस्तीवर, परवा कडब्याच्या गंजीत. त्यांचं घर म्हणजे गावातली सगळी घरं. आता याचं म्युझियम कसं करणार?

आमच्या घरातली गोष्ट आज्जीची. तेराव्या वर्षी ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा प्रतिसरकारचा भर होता. सासूनं तिला दोन नियम सांगितले. रात्री दारावर थाप पडली की चूल पेटवायची, आणि किती माणसं आहेत ते बघायला बाहेर डोकवायचं नाही. म्हणजे उद्या पोलिसांनी विचारलंच, तर पोरगी खरंच सांगू शकेल, की मी कुणाला बघितलं नाही. “भाकरी मोजायच्या न्हाईत, परातीतलं पीठ संपंस्तवर थापायच्या,” असं ती सांगायची. २०१६ साली आज्जी गेली. तिनं स्वातंत्र्यसैनिकाच्या पेन्शनसाठी कधी अर्ज केला नाही. अर्जात काय लिहिणार? ‘भाकऱ्या केल्या’?

असो. बॉसला हवा होता फंडरेझर. तर मी म्हटलं, चला, आधी फंडरेझिंगचाच अभ्यास करू.

पहिली गोष्ट, हे काही आपल्याकडे कालपरवा आलेलं नाही. मुंबईत राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियम उभं राहिलं ते मुंबईकरांच्या वर्गणीतून. जगन्नाथ शंकरशेट, भाऊ दाजी, डॉ. बर्डवूड अशी मंडळी पुढे झाली, १८६२ साली पायाभरणी झाली. आणि १८६५ साली शेअरबाजार असा आपटला, की देणगीदारांचेच वांधे झाले! शेवटी सरकारला पैसे घालावे लागले आणि १८७२ साली म्युझियम उघडलं. मार्केट पडलं की डोनेशन पडतं, हे तेव्हापासूनचं. (कुंडल लाडांचं गाव असल्यामुळे मला ऑफिसात हमखास विचारतात, की भाऊ दाजी तुमच्याकडचे का? नाही हो. ते गोव्याच्या मांद्र्याचे.)

दुसरी गोष्ट आमच्या भागातल्या फंडरेझरची. ७ जून १९४३. रेल्वे कर्मचाऱ्यांचे पगार घेऊन मिरजेकडे निघालेली गाडी तूफान सेनेनं शेणोलीजवळ अडवली. हाती लागले सुमारे १९ हजार रुपये. पुढच्या वर्षी १४ एप्रिलला थेट धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना, साडेपाच लाखांचा. त्यात आमचे जी. डी. बापू होते, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी होते. २०२२ साली गेलेले कुंडलचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड, शेणोलीच्या गाडीबद्दल बोलताना ‘लूट’ हा शब्द चालवून घ्यायचे नाहीत. लोकांचा पैसा लोकांकडे परत आणला, असं त्यांचं म्हणणं. आमच्या कंपनीच्या कॉम्प्लायन्स टीमला हे सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

आणि तिसरी गोष्ट, मला सगळ्यात आवडणारी. लग्नं! प्रतिसरकारनं कर्ज काढून लग्न करण्याची पद्धत मोडीत काढायला ‘गांधी पद्धतीची’ लग्नं लावली. हुंडा नाही, मानपान नाही, वाजंत्री नाही. १९४५ च्या मे महिन्यात जी. डी. बापू आणि विजयाताईंचं लग्न कुंडलमध्ये असंच झालं आणि त्याला हजारो माणसं लोटली. सरकार ज्यांना शोधत होतं, त्यांच्यातल्या एकाचं लग्न भर मांडवात, हजारोंच्या साक्षीनं! तुम्ही-आम्ही आज डेस्टिनेशन वेडिंगसाठी पर्सनल लोन घेतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

हे सगळं जमवून मी स्लाइड्स केल्या. पण पैशाच्या वाटेत कायदा आडवा आला. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ऐतिहासिक वास्तूंच्या जीर्णोद्धाराचा उल्लेख आहे, त्यामुळे सीएसआरचे पैसे तिथं चालतात. पण ते कुणाच्या राहत्या घरावर असे उधळता येत नाहीत. मध्ये नोंदणी झालेली संस्था लागते, बारा-ए, ऐंशी-जी लागतं, २०२१ पासून सीएसआर-वन फॉर्म लागतो आणि वर तीन वर्षांच्या कामाचा रेकॉर्ड. म्हणजे आज ट्रस्ट काढला, तरी कंपनीचा पहिला रुपया यायला निदान तीन पावसाळे.

आणि इकडे आमचं घर पावसाळ्याला थांबायला तयार नव्हतं.

कौलारू घर आहे, मधलं आढं वाकलंय. २०२५ साली तर पाऊस मृगाची वाट न पाहता मे महिन्यातच कोसळला. सोप्यात तीन बादल्या आणि माजघरात एक पातेलं. माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, बायको आणि दोन पोरांना घेऊन त्याच घरात राहतो. त्याला सगळं पाडून स्लॅब टाकायचाय. वडिलांसकट चार भावांचा हिस्सा, त्यातले दोघं पुण्यात, एक मुंबईत. सह्या हव्यात. मी फोनवर ‘अरे, पण आज्जीचं घर...’ असं काहीतरी म्हणाले, तेव्हा दादा शांतपणे म्हणाला, “तुमी पुण्यात फ्लॅटमधी ऱ्हायाचं, आन् आमी म्युझियममधी ऱ्हायाचं व्हय?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. जुनी घरं सुंदर दिसतात ती बहुतेक वेळा ज्यांना तिथं झोपायचं नसतं त्यांना.

मग तात्यांनी एक डोकं चालवलं. ७ जूनला शनिवार आला होता. शेणोलीच्या गाडीचा दिवस. म्हणाले, “तुझी ती संध्याकाळ करू की आपल्या सोप्यात. तिकीट न्हाय. ज्याला जे वाटंल ते वहीत लिव्हायचं. आन् जेवाण घरटी.”

घरटी जेवण म्हणजे प्रत्येक घरानं आपल्या भाकऱ्या आणायच्या. पिठलं आणि खर्डा आमच्याकडून. डेकोरेशन म्हणजे ताडपत्री, कारण आभाळ भरलेलं. साउंड म्हणजे मंडळाचा एक स्पीकर, तोही नंतर बंदच केला. त्या दिवशी बकरी ईदही होती, त्यामुळे पलीकडच्या गल्लीतली मंडळी जरा उशिरा आली, पण आली. पुण्याहून मी टीममधल्या चौघांना घेऊन गेले होते. त्यातल्या एकीनं पैठणी आणली होती. आमच्या काकूनं तिला सांगितलं, बाई, गाऊन घाल, खर्ड्याचा डाग जात नाही.

भाषण कुणाचंच ठरलं नव्हतं. तात्यांनी फक्त एवढंच विचारलं, “तुमच्या घरात कोण कोण यिऊन गेलं, तेवढं सांगा.” आधी कुणी बोलेना. मग कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, की तिच्या माहेरी बळदात बंदुका असायच्या आणि वर ज्वारी ओतलेली असायची, म्हणून पोरांना ज्वारी काढायला मनाई होती. मग दुसरीनं सांगितलं, की तिच्या सासूनं एका जखमी माणसाला आठ दिवस परड्यातल्या गोठ्यात ठेवलं आणि तो कोण होता, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मग जे सुरू झालं ते थांबेना. एकजण सांगतोय, दुसरा दुरुस्त करतोय, तिसरा म्हणतोय ते आमच्या घरात झालं, तुमच्यात नव्हे! भांडणं लागायची वेळ आली. यातलं कितपत खरं, कितपत ऐंशी वर्षांत वाढलेलं, ते इतिहासकारांनी तपासावं. माझी टीम मोबाइलवर रेकॉर्ड करत होती. गाईडची गरजच पडली नाही, कारण हॉलमध्ये पाहुणा असा कुणी नव्हताच.

मधेच लाईट गेली. कुणी उठलं नाही.

वही मी सांभाळत होते. अकरा रुपये, एकावन्न, एकशेएक. एका दुकानदारानं दोन हजार लिहिले, लगेच समोरच्या दुकानदारानं एकवीसशे. एका आज्जीबाईंनी पैसे लिहू दिले नाहीत, ‘वीस भाकरी’ असं लिहायला लावलं. एक शाळकरी पोरगा येऊन म्हणाला, जीपे चालतंय का? शेवटी बेरीज झाली अडतीस हजार चारशे. खर्च बेसनाचा आणि तेलाचा, तो तात्यांनी खिशातून केला. अडीच हजारवाल्या संध्याकाळीच्या मानानं ही रक्कम किरकोळ आहे, मान्य. एक वॉचमन यात चार महिनेसुद्धा टिकणार नाही. पण माझ्या कामातल्या आतापर्यंतच्या सगळ्या इव्हेंट्समध्ये जमलेले शंभर टक्के पैसे उरलेत, असं हे एकमेव!

त्या पैशांतून आढं बदललं. वासे तीन, रीपा नव्या, कौलं काही जुनीच धुऊन चढवली. दादा स्वतः शिडीवर होता. त्यानं पुढच्या सोप्याला आणि माजघराला हात लावायचा नाही आणि स्लॅबची खोली मागं परड्यात बांधायची, असं चौघा भावांत ठरलंय. ठरलंय म्हणजे तीन सह्या झाल्यात. चौथी मुंबईची आहे, ते काका म्हणतात दिवाळीला आलो की बघू. परड्यातली चिंच मात्र जाणार. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

पाटी कुठंच लावलेली नाही. तात्यांच्या वहीत मात्र घरांची यादी सुरू झालीय. ज्या ज्या घरानं त्या रात्री काही सांगितलं, त्याचं नाव, गल्ली आणि एक ओळ. त्या रात्री त्रेचाळीस झाली होती. नंतर माणसं आपण होऊन दारात येऊन ‘आमचं ऱ्हायलंय’ म्हणून सांगायला लागली. परवा फोनवर तात्यांनी आकडा सांगितला, एकोणऐंशी.

बॉसला मी सगळं प्रेझेंट केलं. पुढची संध्याकाळ आमच्या नाही, दुसऱ्याच कुणाच्या सोप्यात होणार, त्याच्या पुढची तिसऱ्याच्या, असंही सांगितलं. व्हेन्यू फिरता, मेन्यू फिक्स. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग विचारलं, “ओके... बट लोगो कुठे लावायचा?”

ट्रस्टची कागदपत्रं सांगलीला धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात द्यायची आहेत. प्रत्येक गल्लीचा एक विश्वस्त हवा, असा गावाचा आग्रह आहे आणि गल्ल्या किती, यावरच अजून एकमत नाही. पहिली मीटिंग येत्या रविवारी आहे. चहा कुणाच्या घरी, यावरून सकाळपासून ग्रुपवर शहात्तर मेसेज आलेत.